मेडन कॅसल : एका गिरिदुर्गाच्या पुराव्यांचे पुनर्वाचन

मॉर्टिमर व्हीलर हे नाव तुम्ही हडप्पा, तक्षशिला किंवा अरिकामेडू यांच्या संदर्भात वाचले असेल. १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून येथे आले. त्याआधी त्यांची कीर्ती झाली ती मुख्यतः इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल या गिरिदुर्गाच्या उत्खननामुळे (१९३४ ते १९३७). त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या. काम चालू असतानाच १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा पाया घालणारे हसमुख सांकलिया यांनीही विद्यार्थिदशेत याच उत्खननात प्रशिक्षण घेतले होते.

'गिरिदुर्ग' म्हटल्यावर कडेकपारी आणि दगडी बुरूज डोळ्यांपुढे आणू नका. ही खडूच्या मऊ खडकाची, फारशी उंच नसलेली टेकडी आहे. लोहयुगात, इ. स. पू. ६०० च्या सुमारास, तिच्या पूर्वेकडील भागाभोवती पहिला तट उभा राहिला. दीड-दोनशे वर्षांनंतर वस्ती पश्चिमेकडे वाढवण्यात आली आणि आतले क्षेत्र सुमारे १९ हेक्टर झाले. खंदक खणायचा आणि निघालेली खडूमाती बाजूला रचून तट करायचा, अशी ही रीत होती. एकामागे एक तट आणि खंदक, शिवाय दोन्ही टोकांना वळणावळणाची प्रवेशद्वारे. नवा तट पांढराशुभ्र असल्यामुळे तो दुरूनही उठून दिसत असला पाहिजे.

येथील लोकांना 'केल्टिक' म्हणण्याची प्रथा आहे. त्यांची भाषा केल्टिक कुळातली होती एवढ्यापुरते ते बरोबर आहे. मात्र ग्रीक-रोमन लेखकांनी हे नाव युरोपखंडातील लोकांना दिले होते, ब्रिटनवासीयांना नव्हे. त्यामुळे हा शब्द जपून वापरावा. या प्रदेशातील जमातीचे नाव ड्युरोट्रिजेस.

आत काय होते? गोल घरे, चार खांबांवर उचललेली धान्यकोठारे आणि जमिनीत खणलेली पेवे. होय, आपल्याकडच्या पेवांसारखीच: धान्य भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. पूर्वेकडील प्रवेशद्वाराजवळ २०,००० हून अधिक गोफणगुंडे एकत्र सापडले. ते समुद्रकाठाहून आणलेले गुळगुळीत गोटे होते. म्हणजे संरक्षणाची तयारी होती, पण रोजचे जीवन शेती, गुरे आणि लोखंडकाम यांवर चाले.

याच प्रवेशद्वाराजवळ व्हीलर यांना सुमारे पन्नास सांगाडे मिळाले. काहींच्या कवटीवर तलवारीचे वार होते, तर एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. इ. स. ४३ च्या स्वारीनंतर सेनापती व्हेस्पेशियनने वीसहून अधिक वस्त्या जिंकल्या, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. पण त्यांची नावे देत नाही. व्हीलर यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. मणक्यातले टोक रोमन यंत्राने फेकलेल्या बाणाचे, राखेचा थर रोमनांनी जाळलेल्या घरांचा आणि थडगी रात्री घाईने उरकलेली. कथा इतकी ठसठशीत होती की ती पाठ्यपुस्तकांत शिरली.

१९८५-८६ मध्ये नायल शार्पल्स यांनी येथे पुन्हा उत्खनन केले. राखेचा संबंध लोखंडकामाशी जुळला. थडग्यांकडे नीट पाहिले तर अनेक मृतांजवळ भांडी आणि मांसाचा नैवेद्य ठेवलेला होता. घाईत पुरणारे लोक एवढे करत नाहीत. मणक्यातले टोक साध्या भाल्याचे असावे, असेही आता मानले जाते. २०२५ मध्ये बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिओकार्बन कालमापन प्रसिद्ध केले: हे मृत्यू एका दिवसाचे नसून इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, वेगवेगळ्या प्रसंगी झालेले आहेत. हिंसा खरी होती. मात्र तिचा बराचसा भाग रोमन येण्यापूर्वीचा, बहुधा आपापसातल्या संघर्षांचा होता.

आता मोहेंजोदडोकडे वळा. तेथे पूर्वीच सापडलेल्या सांगाड्यांचा आधार घेऊन व्हीलर यांनी १९४७ मध्ये आक्रमक आर्यांच्या कत्तलीचे अनुमान मांडले, आणि ऋग्वेदातील पुरंदर इंद्राला त्यात ओढले. तीच पद्धत: सांगाडे एकीकडे, ग्रंथ दुसरीकडे आणि मध्ये अनुमानाचा पूल. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की ते सांगाडे एका काळाचे नाहीत आणि बालेकिल्ल्यात तर एकही नाही. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली, तेव्हाही सामूहिक हत्येची खूण मिळाली नाही.

व्हीलर यांची चौकोनी चरांची आणि थर नोंदवण्याची शिस्त मात्र टिकली, आणि तिच्याच नोंदींवरून त्यांचे निष्कर्ष तपासता आले. मेडन कॅसलवर आज मेंढ्या चरतात. गवतात चौथ्या शतकातील एका लहान रोमन मंदिराचा पाया दिसतो. व्हीलर यांनीच तो पुन्हा उघडा केला होता.