मॉनिटरिंग लेटन्सी

मॉनिटरिंग लेटन्सी : संगणकावर ध्वनिमुद्रण करताना गायकाचा किंवा वादकाचा आवाज माइकमध्ये शिरल्यापासून त्याच्याच हेडफोनमध्ये परत ऐकू येईपर्यंत लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. घरगुती स्टुडिओत ‘आवाज मागून येतो’ ही तक्रार याच विलंबाची असते. मुद्रित झालेला ट्रॅक बहुधा जागेवर असतो. कारण ड्रायव्हरने, म्हणजे ध्वनियंत्र संगणकाशी जोडणाऱ्या आज्ञावलीने, कळवलेला विलंब हिशेबात धरून सॉफ्टवेअर तो तालावर आणून ठेवते. गाणाऱ्याच्या कानाला मात्र अशी दुरुस्ती मिळत नाही. तो स्वतःच्या आवाजाची वाट पाहत लयीत मागे पडू लागतो, आणि असे पडलेले गाणे नंतर सावरणे अवघड जाते.

कारणे : माइक व संगणक यांना जोडणारा ऑडिओ इंटरफेस माइककडून आलेल्या विद्युत्-संदेशाचे सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने घेतो. संगणक हे नमुने सुटे सुटे हाताळत नाही. ठरलेल्या संख्येचा एक घाणा जमला की तो एकदम पुढे पाठवतो. या घाण्याला बफर म्हणतात. 48,000 नमुन्यांच्या वेगाने 128 चा बफर भरायला 2.7, 256 चा भरायला 5.3 आणि 1,024 चा भरायला 21.3 मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, असे निदान दोन बफर पार करावे लागतात. शिवाय रूपांतरण व ड्रायव्हर आपापला वेळ घेतात तो वेगळा. 1,024 च्या बफरवर केवळ ये-जा सुमारे 43 मिलिसेकंदांची होते. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी साडेचौदा मीटर जातो. म्हणजे गायकाला आपलाच आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून आल्यासारखा वाटतो.

परिणाम : गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येतो. हेडफोनमधला आवाज त्यात काही मिलिसेकंद उशिरा मिसळला, की काही कंप्रतांवर दोन्ही आवाज एकमेकांना मारतात व आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. विलंब आणखी वाढला तर तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा कळतो. सुमारे 200 मिलिसेकंदांवर बोलणाराही अडखळू लागतो. तंबोऱ्याच्या अखंड नादात विलंब लपून जातो. करताल, तबला, मांदर यांचा आघात तो लगेच उघडा पाडतो.

पूर्वेतिहास : हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. टेपयंत्रात मुद्रण करणारे व ऐकवणारे हेड वेगवेगळे असत. टेप एका हेडवरून दुसऱ्यावर पोहोचेपर्यंत आवाज उशिरा येई. म्हणून जुन्या ट्रॅकवर नवा ट्रॅक चढवताना मुद्रण-हेडवरूनच आधीचा ट्रॅक ऐकवण्याची युक्ती निघाली. संगणकयुगात श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 1997 मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. तिने विंडोजच्या मधल्या पायऱ्या वगळून सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी जोडले. मॅकवर हे काम कोअर ऑडिओ, तर लिनक्सवर जॅक व पाइपवायर करतात.

उपाय : मार्ग दोनच, विलंब कमी करणे किंवा तो टाळणे. कमी करण्यासाठी इंटरफेसचा मूळ ड्रायव्हर बसवतात, मुद्रणापुरता बफर 64 किंवा 128 वर आणतात आणि पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटरसारखे प्लगइन बंद ठेवतात. कटकट, चरचर ऐकू आली तर प्रोसेसर वेळेत काम उरकत नाही असे समजून बफर एक पायरी वाढवतात. मिक्सिंगच्या वेळी तो 1,024 ठेवला तरी बिघडत नाही.

टाळण्याचा मार्ग म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. यात माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो. संगणकातून फक्त साथीचा ट्रॅक येतो. अशा वेळी सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे लागते, नाहीतर आवाज दुहेरी येतो. कोरडा आवाज गायकाला रुचत नसेल, तर संगणकातून केवळ रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, शेपटी परत पाठवतात. ती 15-20 मिलिसेकंद उशिरा आली तरी खटकत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र मुद्रणाला निरुपयोगी, कारण त्यांचाच विलंब अनेकदा 100 मिलिसेकंदांच्या वर असतो.

मोजमाप : इंटरफेसचे आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडून एक टिचकी वाजवतात व ती पुन्हा मुद्रित करतात. मॉनिटरिंग बंद ठेवावे लागते, अन्यथा आवाज फिरत राहून किंचाळतो. सॉफ्टवेअरची दुरुस्ती बंद असताना दोन टिचक्यांत 480 नमुन्यांचे अंतर निघाले, तर 48,000 च्या वेगाने फेरीचा विलंब 10 मिलिसेकंद.

रायपूरमधील संदर्भ : पंडवानी या छत्तीसगढी कथागायनात मुख्य गायक तंबुरा-करताल सांभाळत कथा गातो आणि ‘रागी’ हुंकार देत तिला पुढे नेतो. हे सारे एका खोलीत, एका वेळी मुद्रित केले, तर कलाकार एकमेकांना हवेतूनच ऐकतात. संगणक मध्ये येत नाही. घरी एकेक ट्रॅक चढवताना, मग ते छत्तीसगढी अल्बमचे गाणे असो की मराठी कुटुंबातले भावगीत, हा हवेतला दुवा तुटतो आणि हेडफोन हाच एकमेव साथीदार उरतो. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो. कूलरची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून तो बंद केला, की खोलीबरोबर लॅपटॉपही तापतो; तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि सकाळी 64 वर सुरळीत चाललेला बफर दुपारी चरचरू लागतो. तिथे डायरेक्ट मॉनिटरिंग सोयीचे ठरते : गायकाचा आवाज संगणकातून फिरतच नसल्याने बफर खुशाल वाढवता येतो.