अनुबोधपटातील परीकथातत्त्व

प्रत्यक्ष जीवनातील माणसे, स्थळे आणि व्यवसाय यांचे चित्रण करताना त्याची मांडणी परीकथेच्या आदिबंधांनुसार करण्याची प्रवृत्ती अनुबोधपटाच्या इतिहासात आरंभापासून आढळते. अनुबोधपट सत्याला बांधलेला असतो, तर परीकथा अद्‌भुताला. त्यामुळे या दोहोंचा संयोग वरकरणी विसंगत वाटतो. तथापि या प्रकारातील काही श्रेष्ठ कृती अशा संयोगातूनच निर्माण झाल्या असून अनुबोधपटाच्या सत्यतेविषयीचे महत्त्वाचे वादही त्यांच्याच निमित्ताने झाले.

परीकथेची घडण बहुतेक संस्कृतींत सारखीच दिसते. घर सोडून निघणारा नायक, ओलांडावयाचे घोर अरण्य, अंगावरील ताईत किंवा मंतरलेली वस्तू, वाट अडविणारा राक्षस वा श्वापद, साहाय्यक प्राणी, परका दाता आणि अखेरीस लाभणारे वैभव हे तिचे प्रमुख घटक होत. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रशियन अद्‌भुतकथांतील पात्रांच्या कार्यांचा असा ठरावीक क्रम दाखवून दिला. या कथांचे आणखी एक लक्षण म्हणजे त्यांना स्थळकाळ नसतो. मराठी कहाणीतील आटपाट नगर कोणत्याही नकाशात सापडत नाही व तेथील राजाच्या कारकिर्दीला सनावळी नसते. अनुबोधपटाचा विषय मात्र विशिष्ट स्थळी, विशिष्ट काळी व विशिष्ट आर्थिक परिस्थितीत जगणारा माणूस असतो. परीकथेच्या साच्यात बसविल्याने दूरदेशीचा माणूस प्रेक्षकाला जवळचा वाटू लागतो. परंतु त्याच वेळी त्याचा इतिहास पुसला जाण्याचा संभव असतो.

या प्रवृत्तीचा आद्य व प्रमुख प्रतिनिधी म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी (१८८४–१९५१). तो मूळचा खनिजसंशोधक. हडसन उपसागराच्या परिसरात लोहखनिजाचा शोध घेत असताना त्याने तेथील इन्युइट लोकांचे चित्रीकरण केले. पण १९१६ मध्ये सिगारेटमुळे लागलेल्या आगीत त्याच्या फिती जळाल्या. पुढे रेव्हियाँ फ्रेअर या फरच्या व्यापारी पेढीच्या अर्थसाहाय्याने त्याने पुन्हा चित्रीकरण केले व त्यातून ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा चित्रपट साकार झाला. हिम, उपासमार व हिंस्र निसर्ग यांच्याशी झगडणारा शूर व हसतमुख कुटुंबप्रमुख असे नानूकचे रूप त्यात दिसते. प्रत्यक्षात ही भूमिका करणाऱ्या शिकाऱ्याचे नाव अल्लाकारिअल्लाक असे होते. तेथील लोक त्या काळी बंदुका वापरू लागले होते. परंतु चित्रपटात शिकार जुन्या पद्धतीच्या हार्पूनने केलेली दाखविली आहे. हिमगृहात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून एका बाजूने उघडे असलेले मोठे हिमगृह मुद्दाम बांधण्यात आले होते. फरच्या व्यापाराने या लोकांच्या जीवनात घडवून आणलेला बदल मात्र चित्रपटात फारसा उमटत नाही. व्यापारी ठाणे हे तेथे एक गमतीदार भेटीचे स्थळ म्हणूनच येते.

सामोआतील साव्हाई बेटावर चित्रित केलेल्या ‘मोआना’ (१९२६) या फ्लाहर्टीच्या पुढील चित्रपटाचे परीक्षण लिहिताना जॉन ग्रिअर्सन याने अनुबोधपटासाठी पुढे रूढ झालेली ‘डॉक्युमेंटरी’ ही संज्ञा विशेषण म्हणून वापरली. आयर्लंडजवळील बेटांवर चित्रित केलेल्या ‘मॅन ऑफ ॲरन’ (१९३४) या चित्रपटात तर समुद्राशी व प्रचंड बास्किंग शार्क माशाशी झुंजणाऱ्या कुटुंबाची कथा आहे. ही शिकार तेथे कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती व बेटावरील माणसांना ती चित्रपटासाठी नव्याने शिकवावी लागली. आई, वडील व मुलगा म्हणून दिसणाऱ्या तिघांचे प्रत्यक्षात परस्परांशी तसे नाते नव्हते. जमीनमालकी व दारिद्र्य हे बेटावरील प्रश्न समुद्ररूपी राक्षसाच्या आड गेले, अशी टीका त्या काळीही झाली.

परीकथेचा साचा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो फ्लाहर्टीच्या ‘लुइझिॲना स्टोरी’ (१९४८) या चित्रपटात. लुइझिॲनातील दलदलीत होडी वल्हवीत फिरणारा केजन (फ्रेंच भाषक वसाहतकारांचा वंशज) मुलगा हा त्याचा नायक. जलपऱ्या व लांडगामानव यांपासून रक्षण व्हावे म्हणून तो कमरेला मिठाची पुरचुंडी बांधतो व सदऱ्याच्या आत बेडूक बाळगतो. रॅकून हा त्याचा सोबती, तर मगर ही त्याची वैरीण. या अरण्यात एके दिवशी तेलविहीर खोदण्याचा पोलादी मनोरा पाण्यावरून सरकत येतो. खोदकाम संकटात सापडते, तेव्हा मुलगा आपले मीठ विहिरीत टाकतो. पुढे विहिरीला तेल लागते. वडील घरी नव्या वस्तू आणतात, मुलाला बंदूक मिळते आणि मनोरा आला तसाच निघून जातो. ताईत, श्वापद, परका दाता व लाभ हे सर्व घटक येथे क्रमाने आले आहेत. रिचर्ड लीकॉकचे छायालेखन व हेलन व्हान डोंगेनचे संकलन यांमुळे चित्रपटाला काव्यात्म रूप लाभले आणि व्हर्जिल टॉमसन याच्या संगीताला १९४९ मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळाले.

या चित्रपटाचा खर्च स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) या कंपनीने केला. चित्रपटाची मालकी व उत्पन्न तिने दिग्दर्शकाकडेच राहू दिले व चित्रपटात आपले नावही घातले नाही. तेलउद्योगाविषयी सद्‌भावना निर्माण व्हावी, एवढीच तिची अपेक्षा होती आणि ती परीकथेने कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक परिणामकारकपणे पूर्ण केली. परीकथेतील दाता वर देऊन अंतर्धान पावतो. त्याच्या मागे काही उरत नाही. प्रत्यक्षातील इतिहास वेगळा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासानुसार १९३२ ते २०१६ या काळात लुइझिॲनाच्या किनारपट्टीवरील सु. ४,८०० चौ. किमी. भूमी, म्हणजे १९३२ मधील भूमीच्या सु. एक-चतुर्थांश भाग, नाहीसा झाला. मिसिसिपी नदीच्या बांधांमुळे गाळाचा पुरवठा तुटणे व भूमी खचणे ही याची कारणे आहेतच. तथापि तेल व वायू यांसाठी दलदलीत खोदलेले कालवे हेही त्यांपैकी एक आहे. चित्रपटातील मनोरा अशाच जलमार्गाने येतो व जातो. फ्लाहर्टीने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, कारण पुढील हानीचे स्वरूप त्या काळी पुरेसे ज्ञात नव्हते. परंतु त्याने निवडलेल्या साच्यात अशा प्रश्नाला जागाच नव्हती.

भारतातही या प्रवृत्तीची दोन उल्लेखनीय उदाहरणे घडली. रड्यर्ड किप्लिंगच्या कथेवरील ‘एलिफंट बॉय’ (१९३७) या चित्रपटासाठी फ्लाहर्टीने म्हैसूर संस्थानात चित्रीकरण केले व माहुताचा मुलगा साबू यास नायक म्हणून निवडले. निर्माता अलेक्झांडर कोर्डा यास त्यातील कथाभाग अपुरा वाटल्याने झोल्टान कोर्डा याच्या दिग्दर्शनाखाली इंग्लंडमधील डेनम येथे आणखी चित्रीकरण करण्यात आले. स्वीडिश दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ (१९१७–२००१) याने बस्तरमधील मुरिया आदिवासींमध्ये ‘एन यंगलसागा’ (१९५७) हा रंगीत चित्रपट तयार केला. स्वीडिश भाषेत ‘सागा’ म्हणजे परीकथा. शीर्षकातच चित्रपटाचा पिंड व्यक्त झाला आहे. बिबट्याच्या दहशतीखाली वावरणारे गाव व वन्य प्राण्यांत रमणारा चेंदरू हा मुलगा त्यात दिसतो. संगीत रविशंकर यांचे होते. वाघासोबतच्या छायाचित्रांमुळे चेंदरू यूरोपात प्रसिद्ध झाला व काही काळ स्वीडनमध्येही राहिला. तथापि गावी परतल्यानंतरचे त्याचे आयुष्य हलाखीत गेले आणि २०१३ मध्ये त्याचे निधन झाले. परीकथा संपल्यावर तिच्या नायकाचे काय होते, हा प्रश्न त्याच्या जीवनाने उभा केला.

१९६० च्या सुमारास हलके कॅमेरे व सोबतच ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे उपलब्ध झाल्यावर या परंपरेविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. ‘लुइझिॲना स्टोरी’चा छायालेखक लीकॉक हाच ‘प्रायमरी’ (१९६०) या चित्रपटाद्वारे रचना टाळून घटना घडताना टिपणाऱ्या पद्धतीचा पुरस्कर्ता झाला. फ्लाहर्टीला आपला पूर्वसूरी मानणाऱ्या फ्रेंच मानवशास्त्रज्ञ झां रूश याने निराळा मार्ग काढला. पश्चिम आफ्रिकेतील सिंहाच्या शिकाऱ्यांवरील त्याच्या चित्रपटाचे (१९६५) निवेदन मुलांना गोष्ट सांगावी तसे आहे; गोष्ट सांगितली जात आहे, हे तेथे लपविलेले नाही. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज स्टोनी याने १९७८ मध्ये ॲरन बेटांवर जाऊन मूळ चित्रपट कसा घडविला गेला, याचाच अनुबोधपट तयार केला.

परीकथेचे आदिबंध अनुबोधपटाला सर्वस्वी त्याज्य आहेत, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. दलदलीतील मुलाचा मिठावरील विश्वास हे त्याच्या जगाचे सत्यच होते व ते टिपण्यास परीकथेसारखे दुसरे साधन नव्हते. परंतु कथा कोणी सांगितली, तिचा खर्च कोणी केला आणि ती कोठे थांबविली, या गोष्टी परीकथा सांगत नाही. अनुबोधपटाला मात्र त्या टाळता येत नाहीत. आज फ्लाहर्टीचे चित्रपट कलाकृती म्हणून पाहिले जातात, तसेच ते काय दाखवीत नाहीत यासाठीही अभ्यासले जातात.