साहसी कोण? सुरतेची विजयालक्ष्मी आणि १८८१ चे एक अपील

१८८१ च्या उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे सुरतेचे एक खुनाचे प्रकरण आले. आरोपी विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. आरोप स्वतःच्या नवजात अर्भकाच्या खुनाचा. खालच्या न्यायालयाने तिला फाशी सुनावली होती. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. म्हणून तिने जगायचे की नाही याचा निर्णय मुंबईत, दोन-अडीच वर्षांपूर्वीच वापरात आलेल्या उच्च न्यायालयाच्या नव्या दगडी इमारतीत व्हायचा होता.

आपल्याकडे हे प्रकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते : ‘यावरून ताराबाई शिंद्यांनी “स्त्रीपुरुष तुलना” लिहिली.’ वाक्य खरे आहे. परंतु त्या अपिलात काय ठरले आणि काय ठरूच शकत नव्हते, हे पाहिल्याखेरीज ताराबाईंचा संताप नेमका कोणावर रोखलेला होता ते उमगत नाही. म्हणून हा थ्रेड कायद्यापासून सुरू करतो. कलमांचा कंटाळा करू नका. सारी कहाणी तिथेच दडलेली आहे.

भारतीय दंडसंहिता १८६० ची. अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिच्या कलम ३०२ खाली खुनाला दोनच शिक्षा होत्या : फाशी किंवा जन्मभर काळे पाणी, शिवाय दंड. तिसरी वाट नाही. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मंजुरीवाचून अमलात आणता येत नसे. म्हणजे फाशीचा कागद मुंबईला जाणे हा कोणाचा उपकार नव्हता. तो नियमच होता.

उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून विजयालक्ष्मीला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली. खुनाचा दोष मात्र कायम राहिला. पुढे ही मुदतही पाच वर्षांवर आणली गेली. येथे क्षणभर थांबा. खुनाचा दोष कायम असताना कोणत्याही न्यायाधीशाला पाच वर्षांची शिक्षा देताच आली नसती, कारण कलम ३०२ मध्ये तेवढी जागाच नव्हती. ती सवलत सरकारच्या दयेच्या अधिकारातूनच येऊ शकत होती. ‘इंग्रजी न्यायाने एका विधवेला वाचवले’ असे जे कौतुकाने सांगितले जाते, ते मला म्हणूनच अर्धवट वाटते. न्यायालय कायद्याच्या भिंतीपर्यंत गेले आणि थांबले. त्या भिंतीत पहिले दार नंतर सरकारी दयेने पाडले.

खुद्द इंग्लंडात काय चालले होते? तेथेही अर्भकाचा खून हा खूनच होता. पण १८४९ नंतर आपल्या तान्ह्या मुलाच्या खुनासाठी तेथे एकाही आईला फाशी झालेली नव्हती. ज्यूरी खुनाचा आरोप बाजूस सारून ‘जन्म लपवणे’ एवढाच दोष पुष्कळदा मान्य करीत. त्याला शिक्षा फार तर दोन वर्षांची. हाच गुन्हा आपल्या दंडसंहितेतही कलम ३१८ म्हणून आला आणि शिक्षाही तितकीच. मात्र हे कलम मृत देह गुपचूप नाहीसा करण्यापुरते आहे; मृत्यू आईच्या हातून झाला असे सिद्ध झाले की गाठ पुन्हा ३०२ शी.

आता दुसरी बाजू. ते मूल एकटीचे नव्हते. मग त्या पुरुषाला कोणते कलम लागत होते?

व्यभिचाराचे कलम ४९७ होते. पण त्यात गुन्हा घडण्यासाठी स्त्री कोणा दुसऱ्या पुरुषाची विद्यमान पत्नी असावी लागे. दुखावला जाणारा तो नवरा. विधवेला नवराच नाही, म्हणून गुन्हाही नाही. खुनाला त्याने चिथावणी किंवा साहाय्य दिल्याचा पुरावा असेल तरच तो कायद्याच्या कक्षेत येणार. नुसते नामानिराळे होणे, दिलेला शब्द फिरवणे, दार लावून घेणे यांना दंडसंहितेत कलम नव्हते. पुनर्विवाह १८५६ पासून कायदेशीर होता खरा, पण तो करणाऱ्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला बहिष्कार येई आणि त्याच कायद्याने मृत पतीच्या मालमत्तेवरचा तिचा हक्कही संपे.

हे काही एका सुरतेचे दुखणे नव्हते. पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या स्नेह्याच्या, गोवंड्यांच्या, घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाईची हकीकत १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवरील आपल्या पत्रात लिहून ठेवली आहे. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, गर्भपाताचे उपाय फसले, मूल जन्मले. शास्त्र्याने हात झटकले. तिने मूल मारले आणि देह विहिरीत टाकला. तिला काळे पाणी झाले. शास्त्र्याला काहीच झाले नाही.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते या पार्श्वभूमीवर. विधवांनी येथे येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावे, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी ब्राह्मणवस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लावल्या. त्याच पत्रातला आकडा असा : तोवर पस्तीस गरोदर विधवा आल्या आणि बाळंत झाल्या, मुले जगली पाच. बाकीची आईने आधी घेतलेल्या जालीम औषधांच्या परिणामाने दगावली, असे जोतीराव लिहितात. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा विजयालक्ष्मीचा खटला निराळा दिसू लागतो. एक मूल खरोखर मेले होते, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु अशी मुले न्यायालयाच्या नजरेस न पडताही मरतच होती.

सुरतेच्या खटल्याने वृत्तपत्रांना विषय मिळाला. ‘पुणेवैभव’ने सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. ते बुलढाण्यात वाचले गेले. तेथे ताराबाई शिंदे राहत होत्या : वऱ्हाडातल्या मराठा कुटुंबातल्या, उपायुक्तांच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. कुलीन मराठ्यांतही विधवेचा पाट निषिद्ध, तेव्हा प्रश्न परक्या जातीचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नव्हता. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून त्यांचे पुस्तक निघाले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात प्रश्न आहे तो स्त्रिया व पुरुष यांत ‘साहसी’ कोण, हा. आजचा वाचक येथे हमखास फसतो. साहसी म्हणजे शूर, असे तो समजतो. जुन्या न्यायव्यवहारात मात्र ‘साहस’ हे एक व्यवहारपद आहे : बळजोरीने, बेदरकारपणे केलेला अपराध. म्हणजे ताराबाईंचा प्रश्न सरळ फौजदारी स्वरूपाचा आहे : खरा गुन्हेगार कोण? सुरतेच्या आणि मुंबईच्या न्यायालयांपुढे आरोपी एकच होती. ताराबाईंनी ज्याच्यावर कोणतेही कलम लागत नव्हते त्या दुसऱ्यालाही पिंजऱ्यात आणून उभे केले, आणि स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आहे याची उलटतपासणी मांडली.

पुस्तकाची कुचेष्टा झाली. ती करणाऱ्यांत सत्यशोधक चळवळीतले लोकही होते, आणि १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेऊन त्यांना खडसावले. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा आपल्या हाती आले.

आणि ती कलमे? इंग्लंडने १९२२ मध्ये आईच्या हातून झालेल्या नवजात अर्भकाच्या हत्येला खुनापासून वेगळे काढले. आपल्याकडे तसे कधी झाले नाही. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३०२ चे १०३ झाले. जन्म लपवण्याचे कलम आता ९४ आहे. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत.