बांध ओलांडणारे बी

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावावरून लोहगडवाडीला चढत जाणारी वाट महाराष्ट्रातील हजारो डोंगरभटक्यांच्या पायाखालची आहे. गायमुख खिंडीत पोहोचले की एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर, आणि पलीकडे पवनेच्या धरणाचे पाणी. किल्ला पाहायला आलेल्या माणसाची नजर साहजिकच वर असते: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारांची ती नागमोडी चढण, आणि पश्चिमेकडे झेपावलेला विंचूकाटा. पण ही नजर जरा खाली, वाटेच्या कडेला आणली तर एक निराळाच इतिहास वाचावयास मिळतो. तारेच्या कुंपणातून बाहेर झुकलेली घाणेरी, रस्त्यासाठी खणलेल्या मातीवर पहिल्याच पावसात उगवणारे गाजरगवत. यांपैकी एकही झाड शिवकाळात या उतारावर नव्हते. ज्या मावळ्यांची नावे आपण या वाटेने जाताना घेतो, त्यांना ही झुडपे दाखवली असती तर त्यांना ती ओळखताही आली नसती.

ही झुडपे ज्या जमिनीवर वाढतात ती बहुतांशी कोणाची ना कोणाची मालकीची आहे. कोठे भातखाचर, कोठे राब भाजण्यासाठी राखलेली वरकस जमीन, तर कोठे मुंबई-पुण्याच्या मालकाने घेऊन ठेवलेला, वर्षातून दोनदा उघडला जाणारा भूखंड. सातबाऱ्यावर हद्द असते, बांधाला मोजणीचा दगड असतो; बी मात्र दोन्ही जुमानत नाही. गाजरगवताचे एक झाड पंधरा हजारांहून अधिक बिया टाकू शकते. घाणेरीचे फळ बुलबुल खातो आणि बी भलत्याच्याच शेतात टाकतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की माझ्या जमिनीवर मी वाढू दिलेले तण तुझ्या जमिनीचा घात करीत असेल, तर सरकारने मध्ये पडावे काय? आणि पडावे तर कोणत्या अधिकाराने? प्रश्न आजचा वाटला तरी त्याला निदान शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास सरकारला फारसा भूषणावह नाही.

पहिली गोष्ट निवडुंगाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगाचा लोभ सुटला. हा रंग निवडुंगावर पोसणाऱ्या एका किड्यापासून मिळे आणि त्यावर स्पेनचा मक्ता होता. मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांनी या उद्योगाचा ध्यासच घेतला होता. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधील रिओ येथून हा किडा म्हणून जो कलकत्त्याला आणला तो दुसऱ्याच जातीचा, हलका रंग देणारा निघाला. रंगाचा धंदा बुडाला. परंतु त्या किड्याने ज्या जातीच्या निवडुंगावर तो पोसला गेला त्याचाच फडशा पाडला. तण कीटकाकडून आटोक्यात येण्याचे जगातील पहिले उदाहरण म्हणून आज ही घटना सांगितली जाते. ती घडली मात्र निव्वळ फसलेल्या व्यापारातून. निवडुंगाची दुसरी जात, आपला फड्या निवडुंग, या किड्याला दाद देईना. गावांच्या कुंपणांतून निघून तो पडीत माळांवर पसरत गेला. अखेर १९२६ साली सिंहलद्वीपातून त्याचा खास शत्रू असलेला दुसरा किडा दक्षिणेत आणून सोडण्यात आला, आणि पुढील काही वर्षांत फड्या निवडुंगाची बेटे कोसळत गेली.

ही कथा सहसा विजयाची म्हणून सांगतात, आणि ती विजयाची आहेच. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निवडुंग हे कित्येक गरीब शेतकऱ्यांचे फुकटचे कुंपण होते. दुष्काळात काटे जाळून जनावरांपुढे टाकायचा तो अखेरचा चारा होता. किडा सोडताना कोणत्याही कुंपणाच्या मालकाला विचारले गेले नाही, आणि विचारले असते तरी किड्याने ऐकले नसते. खासगी मालमत्तेवर सरकारी नियंत्रणाचा याहून संपूर्ण नमुना सापडणे कठीण. नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही.

कायद्याचा मार्ग याच सुमारास वेगळा चालला होता. १९१४ साली हिंदुस्थान सरकारने विनाशक कीटक आणि रोग यांविषयीचा कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः बंदरावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर होता. जे आत येऊन रुजले आहे त्याचे काय, याचे उत्तर मद्रास प्रांताने १९१९ च्या कृषि-उपद्रव व रोग कायद्याने देण्याचा यत्न केला. त्यातील कल्पना साधी आणि कठोर आहे: सरकारने एखादा उपद्रव अधिसूचित करावा, उपाय ठरवून द्यावा, तो उपाय करणे हे जमीन कसणाऱ्याचे कर्तव्य, त्याने ते केले नाही तर अधिकाऱ्याने शेतात शिरून ते करावे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा. बंगालने १९३६ साली जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्या पाण्यात ती राखणाऱ्यावर ती नष्ट करण्याची जबाबदारी टाकली. मुंबई प्रांतानेही १९४७ साली कृषि-उपद्रव व रोग यांविषयी आपला कायदा केला. म्हणजे आपल्याकडे कायदा नव्हता असे म्हणता येणार नाही. कायदा होता, आणि मालकीहक्काच्या दृष्टीने पाहिले तर चांगला जबरदस्त होता.

मग घडले काय? बंगालच्या खाड्या आणि तळी जलपर्णीने भरलेलीच राहिली. आपल्याकडे पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या पात्रांत दर उन्हाळ्यात जे हिरवे गालिचे दिसतात ते त्याच वनस्पतीचे. आणि १९५० च्या दशकात, पुण्यातच, एक नवे प्रकरण सुरू झाले.

गाजरगवताची स्वतंत्र भारतातील पहिली शास्त्रीय नोंद पुण्याची आहे, रा. शे. राव यांनी ती १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. कोणी म्हणते पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे, कोणी म्हणते त्या पक्षाच्या राजवटीत अमेरिकन गव्हाबरोबर ते आले म्हणून. ‘पी. एल. ४८०’च्या गव्हाची ही गोष्ट मराठी माणसाला इतकी पाठ आहे की ती तपासावी असे सहसा वाटत नाही. पण तारखा जुळत नाहीत. त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. गवत पुण्याच्या उकिरड्यांवर त्याआधीच दिसले होते. शिवाय रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ सालच्या यादीतही या वनस्पतीचे नाव आढळते. परदेशी धान्यातून नवे बी आले असेल, अनेकदाही आले असेल. अमेरिकन गहू त्या करारापूर्वीही येत होता. परंतु सारा दोष एका करारावर टाकण्यात एक सोय आहे, ती ओळखावी. परक्याने आणले असे म्हटले की रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बांधावर, सरकारी आवारात ते कोणी वाढू दिले हा प्रश्न विचारावा लागत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत या गवताच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह पुण्यातील डॉक्टरांच्या नोंदीत येऊ लागला. उपद्रव आता केवळ पिकाचा राहिला नव्हता. शेजारी कर्नाटकाने १९७५ साली आपल्या १९६८ च्या कायद्याखाली गाजरगवत उपद्रवी तण म्हणून घोषित केले. घोषणेनंतर अर्धशतक लोटले. कर्नाटकातून प्रवास करणाऱ्यास ते तण शोधावे लागत नाही. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूरला आणला गेला आणि पुढल्या वर्षी सोडला गेला. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसतात ती त्याची कामगिरी. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मात्र तो सूर्यफुलावर दिसल्याच्या तक्रारी आल्या आणि वाद पेटला. घाणेरीच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार घडला होता. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून आणलेला एक ढेकूण सागाच्या फुलोऱ्यावर जगू शकतो असे चाचणीत दिसल्यावर त्याची पैदास नष्ट करण्यात आली; पण तोवर काही किडे निसटले होते, आणि आज तो देशभर आहे. निवडुंगाच्या विजयाने जो विश्वास दिला होता त्याला अशा घटनांनी मर्यादा घातली.

एकाच वेळी सरकारचा दुसरा हात काय करीत होता हेही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परिशिष्टात दिलेल्या जातींचे झाड खासगी जमिनीवरही परवानगीवाचून तोडता येत नाही. हिरडा, आंबा, जांभूळ, ऐन यांच्या रक्षणासाठी हा निर्बंध आहे आणि तो योग्यच आहे. परंतु पुढे सामाजिक वनीकरणाच्या उत्साहात सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ या परदेशी झाडांची लागवड सरकारी प्रोत्साहनानेच झाली. लोहगडवाडीच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र असे दिसते: स्वतःचे ऐनाचे झाड तोडायला कागद लागतो, सरकारने वाटलेले रोप लावायला शाबासकी मिळते, आणि वरकसातील गवत मारून टाकणाऱ्या घाणेरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

२०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. आक्रमक परकीय जातींची व्याख्या त्यात प्रथमच आली, आणि अशा जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा, त्या जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. व्याख्येचा रोख वन्यजीव आणि त्यांचा अधिवास यांच्यावर आहे. भातखाचराचा बांध तिच्या कक्षेत सहजी येत नाही. शिवाय ‘बाळगणे’ हा शब्द येथे अवघड आहे. पिंजऱ्यातला पोपट माणूस बाळगतो. घाणेरी कोण बाळगते? ती तर माणसाच्या न करण्यामुळे वाढते. तमिळनाडूत हा पेच न्यायालयात दिसला. २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाच्या आदेशांनी वेडी बाभूळ काढण्याची मोहीम खासगी जमिनींपर्यंत पोहोचली. आणि त्याच वर्षी, पुरेसा शास्त्रीय अभ्यास झालेला नाही या मुद्द्यावर, तोडीला तात्पुरती स्थगितीही मिळाली. वेडी बाभूळ कोणाची विहीर आटवते हे खरे. पण तिच्याच कोळशावर कोणाची चूल पेटते हेही खरे.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९१९ च्या धाटणीचे कायदे फसण्याचे कारण ते कठोर होते हे नव्हे. कारण ते एकतर्फी होते. कर्तव्य कसणाऱ्याचे, खर्च कसणाऱ्याचा, दंड कसणाऱ्याला. आणि त्याच्या बांधाला लागून असलेली सरकारी जमीन, रस्त्याची कड, कालव्याची भर मात्र मोकळी. दरवर्षी बाहेरून बी येणार असेल तर एकट्याने तण उपटणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. शेतकरी हे जाणतो, म्हणून तो नोटिशीकडे दुर्लक्ष करतो. आणि खालचा अधिकारीही हे जाणतो, म्हणून तो नोटीस काढत नाही.

उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडेच आहे. महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली. सार्वजनिक पैसा आणि मजुरी खासगी जमिनीवर खर्च झाली, कारण त्यात सार्वजनिक हित आहे असे शासनाने मानले. लावण्यासाठी जे तत्त्व चालले ते उपटण्यासाठी का चालू नये? क्रम मात्र उलटा धरावा लागेल. आधी सरकारने आपल्या मालकीची जमीन स्वच्छ करावी. मग ज्यांनी जमीन घेऊन नुसती कुंपणात ठेवली आहे त्यांच्यावर सक्ती यावी, कारण ऐपत आणि निष्काळजीपणा दोन्ही तेथेच आहेत. आणि भातशेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याला नोटीस नव्हे, मजुरी मिळावी. कोणती झुडपे काढायची आणि कुंपणासाठी, सरपणासाठी कोणती ठेवायची हे ग्रामसभेने ठरवावे. निवडुंगाच्या किड्याने जे विचारले नव्हते ते निदान आपण विचारू शकतो.

जुलै २०२५ मध्ये लोहगड मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन असा कायदा आहे. म्हणजे गडाच्या पायथ्याशी एक खोली वाढवायची तर शासनाची नजर तेथपर्यंत पोहोचते. त्याच शंभर मीटरांत घाणेरीने कारवी आणि गवत हटवले तर ती पोहोचत नाही. वारसा म्हणजे केवळ रचलेला दगड, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. पण ज्या डोंगरउताराने त्या दगडाला अर्थ दिला, ज्या गवतावर मावळ्यांची गुरे चरली, तो उतार आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच एका खंडाचा होत चालला आहे. त्या उतारावर आजही भात लावणाऱ्या माणसाला त्याची खबर आपल्या फार आधी लागली आहे. त्याला कायदा शिकवण्यापूर्वी, त्याच्या बांधापलीकडची जमीन कोणाची आहे आणि तेथले तण कोण काढणार, एवढे त्याला सांगता आले तरी पुष्कळ झाले.