राजा वगळून उरलेलं पॅरिस

व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएनं १८३१ साली फ्रान्सच्या राजाचा खादाड राक्षस करून टाकला. आसनावर बसलेला लुई-फिलिप, गोरगरिबांच्या पैशाच्या टोपल्या फळीवरून थेट त्याच्या जबड्यात, आणि आसनाखालून मर्जीतल्या मंडळींसाठी पदव्या नि सनदा बाहेर! या चित्रापायी त्याला सहा महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. सुटल्यावरही त्यानं हात आवरला नाही. मात्र जुलै १८३५मध्ये राजावर खुनी हल्ला झाला आणि सप्टेंबरात नवे कायदे आले. आता प्रत्येक व्यंगचित्राला छापण्याआधी सरकारी परवानगी लागणार होती.

राजकारण बंद, पण संपादक शार्ल फिलिपाँचं ‘ल शारिवारी’ हे दैनिक चालूच होतं आणि त्याला चित्रं हवीच होती. ही चित्रं शिळाछापाची: चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, छापून झालं की शिळा घासून पुन्हा कोरी करायची. चित्राखालचे संवाद बहुधा दुसरंच कुणी लिही. दोमिए माणसं पुरवी.

पहिला मोठा मासा रोबेर माकेर. रंगभूमीवरून उचललेला हा भामटा १८३६ ते ३८ या काळात सुमारे शंभर चित्रांत कधी वकील, कधी डॉक्टर, तर कधी शेअर विकणारा कंपनीवाला होऊन लोकांना टोप्या घालत राहिला. राजाचं नाव न घेता त्याच्या राजवटीतल्या पैशाच्या हव्यासाची अशी खिल्ली उडवता येत होती. बंदीनं दोमिएचं भलंच केलं, असं म्हणण्याचा मोह होतो.

वकिलांवर तर त्याची खास नजर. लहानपणी तो एका बेलिफाकडे हरकाम्या होता, त्यामुळे कोर्टाची आतली हवा त्याला ठाऊक होती. झग्याच्या बाह्या उडवत, अशील निर्दोष असल्याचा आव आणत गर्जणारा वकील त्यानं पुनःपुन्हा काढला. १८३९च्या एका चित्रात घोड्यांच्या ऑम्निबसमध्ये एक बाई दारुडा आणि खाटीक यांच्यामध्ये चेपून बसली आहे. त्याच सुमारास सीन नदीकाठच्या, चार सू एवढ्या किरकोळ दराच्या स्नानगृहांतली सुटलेली पोटंही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत.

पुढे १८५०च्या दशकात पॅरिसची नव्यानं आखणी करणाऱ्या ओस्मानच्या रुंद रस्त्यांसाठी जुनी घरं पाडली जाऊ लागली. दोमिएचा घरमालक आणखी एक घर पडताना पाहून खूश होतो आणि आपल्या प्रत्येक भाडेकरूचं भाडं २०० फ्रँकांनी वाढवायचं ठरवतो. शहर सुधारतंय म्हणजे कुणाच्या खिशातून, हे एवढ्यात कळतं.

सगळंच मात्र डोक्यावर घेण्याजोगं नाही. लिहिणाऱ्या बायकांवरची १८४४ची मालिका निव्वळ नवऱ्यांची कुरकुर आहे. चुलीपाशी बस, एवढाच तिचा विनोद.

१८६०मध्ये ‘ल शारिवारी’नं त्याला कामावरून काढलं आणि १८६३मध्ये परत बोलावलं. वालमोंदुआ गावी १८७९ साली तो वारला तेव्हा दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि मागे चारेक हजार शिळाचित्रं होती. ती पाहायची तर राजाच्या राक्षसापासून नव्हे, घरमालकांपासून सुरुवात करावी. भाड्याच्या घरात राहिलेल्याला तिथं तळटीप लागणार नाही.