पदक कोणाच्या खात्यावर?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून नॉर्मन प्रिचर्ड नावाचा एक खेळाडू पुढे आला. वंशाने तो इंग्रज. जन्म मात्र कलकत्त्याचा. बंगालची शंभर यार्डांची शर्यत त्याने १८९४ ते १९०० अशी लागोपाठ सात वर्षे जिंकली. अडथळ्यांच्या शर्यतीत तो निष्णात होता, आणि फुटबॉलमध्येही तितकाच तरबेज. १८९७ साली शोभाबाजार संघाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन गोल केले. भारतातील खुल्या स्पर्धेत असा पराक्रम प्रथम करण्याचा मान त्याला दिला जातो. त्यापूर्वी १८९२ मध्ये गोऱ्या पलटणीच्या संघाला नमविणारा शोभाबाजार संघ तो हाच.

१९०० साली प्रिचर्ड इंग्लंडला गेला, तेथील स्पर्धांत धावला आणि पुढे पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. दोनशे मीटर धावणे व दोनशे मीटर अडथळे या दोन्ही शर्यतींत त्याने रौप्यपदक मिळविले. परतल्यावर तो इंडियन फुटबॉल असोसिएशनचा चिटणीस झाला. नंतर मात्र त्याने हिंदुस्थान सोडला, नॉर्मन ट्रेव्हर या नावाने रंगभूमी व अमेरिकन मूकपट गाजविले आणि १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात देह ठेवला.

त्याची पदके कोणत्या देशाची? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावे मांडते; जागतिक ॲथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. त्या काळी खेळाडू बहुधा स्वतःच्या वा क्लबच्या नावे उतरत. आजच्यासारखे राष्ट्रीय संघ नव्हते. त्यामुळे दोन्ही पक्षांना आधार सापडतो.

महाराष्ट्राला या वादाचे विशेष महत्त्व आहे. प्रिचर्ड भारतीय मानला, तर भारताचे पहिले वैयक्तिक पदक १९०० सालचे ठरते. न मानला, तर तो मान १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणाऱ्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक खाशाबांचेच, याविषयी मात्र दुमत नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीगृहाला त्यांचेच नाव दिले आहे.

२०२४ साली त्याच पॅरिसमध्ये, दिल्लीलगतच्या झज्जर जिल्ह्यातील मनू भाकर हिने नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळविली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळविणारी स्वतंत्र भारताची ती पहिली खेळाडू. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथेही घालावा लागतो, तो प्रिचर्डमुळे. ज्या राज्यात तो जन्मला ते राज्य गेले, तरी त्याची नोंद पुसून टाकता येत नाही. आणि ती नीट समजून घेतल्याने खाशाबांचा मान तिळमात्र उणा होत नाही.