सनस्क्रीन लावल्यामुळे व्हिटॅमिन डी कमी होतं का?

व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट कमी आला की हल्ली संशयाची सुई लगेच सनस्क्रीनकडे वळते. ‘क्रीम फासून ऊन अडवता, मग डी कुठून मिळणार?’ असं विचारणारे रील्स फिरत असतात. हा तर्क अगदीच बिनबुडाचा नाही, पण अर्धवट आहे.

आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलशी नातं असलेला एक पदार्थ असतो. उन्हातले यूव्हीबी किरण त्यावर पडले की व्हिटॅमिन डी तयार व्हायला सुरुवात होते. सनस्क्रीन नेमके हेच किरण अडवतं: एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के. १९८७ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांना अंगभर एसपीएफ ८चं सनस्क्रीन लावून अतिनील दिव्यांसमोर उभं केलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी वाढलंच नाही. आजचा दावा तिथूनच बळ घेतो.

पण असं अंगभर, मोजूनमापून सनस्क्रीन लावतं कोण? हे आकडे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावल्यावर मिळतात. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं विसरतात आणि हात, मान, पाय तसेच राहतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात चाळिशीपुढच्या शंभराहून थोड्या अधिक लोकांवर एक चाचणी झाली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना खरं सनस्क्रीन दिलं, काहींना तसंच दिसणारं साधं क्रीम. उन्हाळा संपल्यावर दोन्ही गटांत व्हिटॅमिन डी जवळपास सारखंच वाढलेलं होतं.

अलीकडे ऑस्ट्रेलियातच एसपीएफ ५०हून अधिक क्षमतेचं सनस्क्रीन वर्षभर नियमित लावणाऱ्यांची तपासणी झाली. त्यांच्यात पातळी थोडी कमी आढळली. म्हणजे भरपूर आणि रोज लावणाऱ्यांवर काहीसा परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या पारड्यात मात्र क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर गावची चाचणी आहे. १९९२पासून १,६२१ जणांवर झालेल्या या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढच्या दशकात मेलॅनोमाही जवळपास निम्म्याने कमी दिसला.

भारतात हे गणित वेगळं आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. सनस्क्रीनचा उपयोग जास्त करून वांग, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या रोखण्यासाठी होतो. पण तेच मेलॅनिन व्हिटॅमिन डी बनण्याचा वेगही कमी करतं. त्यात दिवसभर ऑफिस, अंगभर कपडे, शहरातली धूळ-धूर. आयुष्यात कधी सनस्क्रीनची ट्यूब हातात न घेतलेल्या लोकांमध्येही ही कमतरता सर्रास सापडते, ती यामुळेच.

आणखी एक गैरसमज म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. ते सुखद असतं, पण त्यात यूव्हीबी फार थोडं असतं. सोपी खूण अशी: आपली सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर व्हिटॅमिन डी फारसं बनत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामाचं नाही. काच यूव्हीबी अडवते. गंमत म्हणजे त्वचा काळवंडवणारे यूव्हीए किरण त्याच काचेतून बऱ्यापैकी आत येतात. आणि तासन्‌तास उन्हात बसूनही फायदा नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा साठा निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते.

त्यामुळे चेहऱ्याला सनस्क्रीन लावून हात-पाय थोडा वेळ उघडे ठेवून उन्हात फिरलं, तर दोन्ही साधतं. आहारात बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक. शाकाहारींसाठी ‘प्लस एफ’ चिन्ह असलेलं दूध किंवा तेल. ल्युपससारख्या आजारामुळे ऊन पूर्ण टाळावं लागणाऱ्यांनी मात्र रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून पूरक डोस ठरवून घ्यावा. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची पुडी मनानेच महिनोन्‌महिने घेत राहणं धोक्याचं असतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.